कन्हानच्या शाळेतली बरणी

नागपूरहून परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "संत्री आणलीत का?" आणली होती. शेजारीपाजारी वाटली आणि संपली. माझ्या डोक्यात मात्र संत्र्यांपेक्षा तिथली एक बरणी जास्त बसून राहिली आहे, आणि आमच्याकडून तिकडे सहसा कोणी जात नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी माझा स्वभाव सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी संशयी आहे. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी नेहमीपेक्षा जाड दिली तर मी ती सोडून आत काय कोंबलंय ते बघते. कोणी फार गोड बोललं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागते. नवरा म्हणतो, तू लग्नात अंतरपाटाच्या वरून डोकावून मीच आहे ना याची खात्री करून घेतलीस. ते खरं आहे. पण वर्षानुवर्षं कोकणात, देवरुखात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हा स्वभाव उपयोगी पडतो, कारण मुलं प्रयोगवहीत जे लिहितात त्यातलं त्यांनी खरोखर किती पाहिलेलं असतं हा प्रश्नच असतो.

आमच्या संस्थेच्या शाळा राज्यभर विखुरलेल्या आहेत. संस्थेत एक पद्धत आहे. अकरावीची वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला एका शाळेचे शिक्षक दुसऱ्या, लांबच्या शाळेत पाठवायचे, म्हणजे ओळखीपाळखीने गुण वाटले जात नाहीत. या वर्षी माझ्या वाट्याला कन्हान आलं. सचिवांनी फोनवर सांगितलं, "बाई, मुद्दाम तुम्हाला पाठवतोय. तिथली विज्ञान शाखा आता जेमतेम वीसेक मुलांवर आली आहे. बाकीची नागपुरात क्लासला जातात. जीवशास्त्र पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की इथेच थांबवायचं, हे तुमच्या अहवालावर ठरेल. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे नमुने ओळखण्याच्या प्रश्नात दरवर्षी सगळ्यांना पैकीच्या पैकी पडतात."

सगळ्यांना पैकीच्या पैकी. मी शिकवलेल्या एकाही वर्गात असं कधी झालेलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला बॅग भरण्याआधीच कळलं होतं.

नागपूर

स्टेशनवर लांजेवार सर घ्यायला आले होते. कन्हानच्या शाळेतले जीवशास्त्राचे शिक्षक ते हेच. पन्नाशीचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात तीन पेनं. मी कन्हानला कोणालाही गाडीची वेळ कळवली नव्हती, म्हणून पहिला संशय तिथेच आला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या शाळेत फोन केला न जी. शिपाईदादानं सांगितलं." त्यांनी माझी बॅग उचलली. "घरी चला. मिसेसनं सयपाक करून ठेवला. काहून लॉजमध्ये राहता?"

मी बॅग परत घेतली. ज्याच्या मुलांची परीक्षा घ्यायची त्याच्या घरी राहायचं, त्याच्याकडे जेवायचं आणि मग लाल पेन उघडायचं, असले प्रकार मी पुष्कळ ऐकले होते. मी सीताबर्डीला लॉज घेतला होता आणि पोटापुरत्या तिखटमिठाच्या पुऱ्या घरूनच बांधून आणल्या होत्या. तसं त्यांना सांगितलं. ते हिरमुसले, पण वाद घातला नाही. लॉजच्या दारापर्यंत आले, पिशवीतून स्टीलचा डबा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हा तरी राहू द्या. सांबारवडी हाय. आमच्याकडं थंडीच्या दिवसांत खाते जी."

सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर, हे मला ठाऊक होतं. वडीचा वास झाकण न उघडताच येत होता, आणि माझ्या पुऱ्या दोन दिवसांत चामड्यासारख्या झाल्या होत्या. तरी मी डबा उघडला नाही. उशाशी ठेवला आणि पुऱ्या पाण्याबरोबर गिळल्या.

सकाळी मात्र स्वतःच्या पैशाने खायला हरकत नव्हती. लॉजच्या समोर पोह्यांची गाडी होती आणि तिच्याभोवती ऑफिसला निघालेले लोक उभे होते. आमच्याकडे पोहे म्हणजे वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड. इथे गाडीवाल्याने पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतला. त्याला तर्री म्हणतात. मी विचारलं, "तिखट आहे का?" तो म्हणाला, "नाही जी, लहान पोरं खाते." मी आजूबाजूला पाहिलं, एकही लहान पोर खात नव्हतं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला पदरावर तांबडा ओघळ आला आणि तिसऱ्या घासाला मी त्याच्याकडे आणखी तर्री मागितली. परीक्षकाच्या पदरावर तो डाग दिवसभर राहिला.

कामठीवरून कन्हान

संस्थेने गाडी देऊ केली होती, ती मी नाकारली. शाळेला मी कधी पोचणार ते कळू नये, हा हेतू. बसने कामठीपर्यंत गेले. आमच्याकडे रस्ता म्हटला की चढ, वळण, दरी आणि लाल माती. इथे सगळं सपाट आहे, कुठेही उभं राहिलं तरी लांबचं दिसतं, आणि उन्हाला आडोसा नाही. सकाळी स्वेटर घालून निघाले होते, तो दहाच्या आत हातावर आला. कामठीत एका बाजूला लष्करी छावणीचे रुंद, झाडलेले रस्ते आणि दुसऱ्या बाजूला गल्ल्यांमधून यंत्रमागांचा खडखडाट. तिथून कन्हानला जायला शेअर ऑटो. त्यात किती माणसं बसवायची हे ऑटोवाला ठरवत नाही, चढणारेच ठरवतात.

माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. मांडीवर रिकामी पातेली बांधलेलं गाठोडं. कन्हानला एका खानावळीत सयपाक करायला जातात, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं, आणि लगेच विचारलं, "तुम्ही कुठं चालल्या जी बाई?"

"कन्हानला. कामाला."

"मायी पोरगी तिथंच शाळेत हाय. समीक्षा. अकरावी सायन्सले." त्यांनी गाठोडं नीट सावरलं. "तिले नर्स व्हायचं हाय. त्याले बायलॉजी लागते म्हंते. आता ते बायलॉजीच बंद होऊन राहिलं म्हंते बाई. कोणी बाहेरची मॅडम येऊन राहिली पाह्याले. लय कडक हाय म्हंते."

मी पदराचा डाग झाकून घेतला आणि बाहेर पाहायला लागले. कोळशाचा एक ट्रक पुढे चालला होता आणि त्याची काळी भुकटी ऑटोत येत होती.

"बंद झालं तर नागपूरला पाठवायचं," मी म्हणाले.

"कोण पाठवते? जायाची गाडी, यायाची गाडी, क्लासची फी. तिचा बाप नाही म्हंते. म्हंते, शाळेत हाय तवरक शीक, नाही त बस घरी." मग त्या जरा हसल्या. "घरी बसनारी नाही थे. रात्री मच्छी साफ कराले दिली त आतलं सगळं काढून ताटात मांडून ठेवते. हे हृदय, हे यकृत. तिचा बाप उठून जाते जेवनावरून."

मला गंमत वाटली, आणि त्याच क्षणी संशयही आला. नेमकी याच वेळी, याच ऑटोत, याच वर्गातल्या मुलीची आई माझ्या शेजारी? लांजेवार सरांनी तर पाठवली नसेल? मी नाव मात्र लक्षात ठेवलं. समीक्षा. हिच्यावर जास्त नजर ठेवायची.

कन्हान नदीचा पूल आला. पाणी कमी होतं, वाळूचे मोठे पट्टे उघडे पडले होते. पूल ओलांडल्यावर त्या उतरल्या आणि मला म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं होऊ द्या बाई." माझं काम काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. निदान माहीत नाही असं दाखवलं तरी.

शाळा

शाळेत शिरल्यावर पहिलं काम म्हणून मी डबा लांजेवार सरांना परत दिला. हातात घेताच वजनावरून त्यांना कळलं. आम्ही प्रयोगशाळेकडे जात असताना ते जरा मागे राहिले, म्हणून मी वळून पाहिलं, तर शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या घाईघाईने वड्या खात होते. मला पाहून ओशाळले. "मिसेस विचारन," ते तोंड पुसत म्हणाले. "भरलेला डबा घरी नेला त तिले वाईट वाटन."

मला कसंतरी झालं. पण मी स्वतःला बजावलं, कसंतरी वाटायला लावणं हीसुद्धा एक पद्धत असू शकते.

प्रयोगशाळा स्वच्छ होती. बाकं जुनी, पण पुसलेली. भिंतीवर मुलांनी काढलेल्या आकृत्या, एका आकृतीत झुरळाच्या पचनसंस्थेला इतके बारकाईने रंग दिले होते की मी थांबून पाहिलं. कपाटात बरण्यांच्या रांगा होत्या. लांजेवार सरांनी नमुने आधीच टेबलांवर मांडून ठेवले होते: तारामासा, खेकडा, बेडूक, गोगलगाय, झुरळ. हीच रांग दरवर्षी असणार आणि मुलांनी क्रमच पाठ केला असणार, हे उघड होतं.

"हे सगळं परत कपाटात ठेवा," मी म्हणाले. "नमुने मी निवडणार."

ते म्हणाले, "हो जी," आणि ठेवायला लागले.

मी मागच्या, वरच्या फळीवरून बरण्या काढल्या. जिथे धूळ जास्त तिथे पोरांचा हात कमी पोचलेला असणार, हा माझा हिशेब. चिठ्ठ्या वाचल्या, खाली दिल्या. एका बरणीवर जुन्या, वळणदार अक्षरात 'एस्कॅरिस' असं लिहिलेलं होतं. आतला द्रव पिवळसर, त्यात फिकट लांबट किडा. माणसाच्या आतड्यात राहणारा गोल जंत. अकरावीला हमखास शिकवतात. मी ती बरणी खाली दिली तेव्हा लांजेवार सरांचा चेहरा पडला.

"मॅडम, ही राहू द्या न. दुसरी घ्या."

"का?"

"नाही... जुनी हाय."

जुनी आहे म्हणून! मला आतून समाधान वाटलं. म्हणजे ही त्यांनी मुलांना नीट शिकवलेली नाही. मी बरणी टेबलावर चौथ्या जागी ठेवली आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवले.

ज्यांनी ही परीक्षा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक टेबलावर एक नमुना असतो. मुलं एकेका टेबलापाशी उभी राहतात, घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकतात. नमुना ओळखायचा, त्याची दोन लक्षणं लिहायची. प्रश्नपत्रिकेवर वर फक्त एक ओळ असते: नमुना ओळखा आणि लक्षणे लिहा. मुलांना दोन तुकड्यांत आत घेतलं. मी मागे हात बांधून फिरत होते. लांजेवार सरांना मी खिडकीपाशी, मुलांकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं होतं. ते तसे उभे राहिले.

पहिल्या तुकडीत काहीच सापडलं नाही. दोघांनी स्पंजला प्रवाळ लिहिलं, एकीने विंचवाचे पाय चुकीचे मोजले. अशा चुका प्रामाणिक असतात. पण ती तुकडी बाहेर पडली आणि दुसरी आत यायची होती, तेव्हा व्हरांड्यात कुजबुज ऐकू आली. मी दाराशी गेले तर एकदम गप्प. यश नावाचा एक उंच मुलगा भिंतीकडे बघत उभा राहिला, इतका की भिंतीवर काही लिहिलंय की काय असं वाटावं.

दुसरी तुकडी संपल्यावर मी उत्तरपत्रिका एकत्र लावल्या आणि चौथ्या नमुन्याची उत्तरं एकाखाली एक वाचली. एस्कॅरिस. एस्कॅरिस. एस्कॅरिस. आणि लक्षणंही सगळ्यांची तीच, जवळजवळ त्याच शब्दांत: शरीर गुळगुळीत, वलये नाहीत, दोन्ही टोके निमुळती. दोन्ही तुकड्यांत. स्पंज चुकलेल्यांनीसुद्धा हे बरोबर लिहिलेलं. लांजेवार सरांनी न शिकवलेला नमुना आणि सगळ्यांचं सारखं उत्तर. सामूहिक कॉपी! मी अहवालाचं पहिलं वाक्य मनात जुळवायला घेतलं होतं.

मग समीक्षाची उत्तरपत्रिका हाती आली. चौथ्या नमुन्यापुढे तिने लिहिलं होतं: गांडूळ. शरीरावर वलये आहेत. पुढच्या भागात पट्टा आहे.

मी लाल पेनाने त्यावर काट मारायला घेतली. एवढी कॉपी चालू असताना हिला एकटीलाच निरोप पोचला नाही म्हणायचा. पेन कागदाला लागणार तेवढ्यात वाटलं, पट्टा आहे असं ही लिहिते कशी? पट्टा कुठून आणला हिने?

मी उठले, चौथ्या टेबलावरची बरणी उचलली आणि खिडकीपाशी नेली. उन्हात धरली.

बारीक बारीक वलयं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि पुढच्या भागात एक सुजल्यासारखा फिकट पट्टा. वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्ये राहून रंग गेलेलं गांडूळ. शाळेतल्या कुठल्याही पोराला पावसाळ्यात अंगणात दिसतं ते. मी फळीवरून काढताना त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. चिठ्ठी वाचली होती. सगळ्या जगाची जुडी सोडून बघणारी मी, आणि पुढ्यातल्या बरणीत डोकावले नव्हते.

जेवणाची सुट्टी

शरम फार वेळ टिकली नाही, तिची जागा रागाने घेतली. मी लांजेवार सरांना शिक्षकांच्या खोलीत गाठलं. त्यांच्या घरून गोळाभात आला होता. हरभऱ्याच्या डाळीचे वाटून केलेले गोळे भातात शिजवतात आणि वर हिंग-मोहरीची गरम फोडणी, तीही आमच्यासारखी चमचाभर तुपाची नाही, चांगली पळीभर तेलाची. ते वाढून ठेवत होते.

"बरणीत गांडूळ आहे," मी म्हणाले.

त्यांनी पळी खाली ठेवली. "हो."

"आणि चिठ्ठी एस्कॅरिसची."

"हो जी." ते खुर्चीवर बसले. "खरा एस्कॅरिस होता. मी नोकरीले लागलो तवापासून होता. मग त्याचे तुकडे पडले. पार गाळ झाला. संस्थेकडे दुसरा मागितला, तीनदा मागितला. तपासणीले साहेब आले त बरण्या मोजते, आत पाहत नाही. एक बरणी कमी भरली त लिहून नेते, प्रयोगशाळा अपुरी. म्हणून मी घरच्या अंगणातलं गांडूळ टाकलं."

"आणि मुलांना तेच एस्कॅरिस म्हणून शिकवलं!"

"नाही." आता त्यांचा आवाज चढला. "तसं नाही. मी फळ्यावर खऱ्या एस्कॅरिसची आकृती काढतो. लक्षणं सांगतो. मग बरणी दाखवतो आन् म्हणतो, पोरायनो, ही एस्कॅरिस आहे असं समजा. दरवर्षी म्हणतो. समजा." त्यांनी पळी पुन्हा उचलली. "मॅडम, जे लिहायचं ते मायावर लिहा. पोरायवर लिहू नका. वर्ग बंद झाला त हे पोरं बारावीले कुठं जाईन?"

मला त्यांचं पटलं नव्हतं. पण खोटंही वाटेना, आणि असं झालं की मला फार अडचणीचं होतं. मी भात खाल्ला. चांगला होता. तेवढं तरी मी त्यांना सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

तोंडी परीक्षा

दुपारी तोंडी परीक्षा होती. मी प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारायचं ठरवलं. चौथी बरणी समोर ठेवली.

पहिल्या तिघांनी ताठ मानेने सांगितलं, एस्कॅरिस. चौथा यश होता. मी बरणी उचलून त्याच्या नाकापुढे धरली. "मी ही उन्हात पाहिली आहे," मी म्हणाले. "आता सांग."

त्याने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. "गांडूळ हाय, मॅडम."

"तुला आत्ता कळलं?"

"नाही. सगळ्यायलेच माहीत हाय. पहिल्या दिवशीपासून माहीत हाय."

"मग सगळ्यांनी एस्कॅरिस का लिहिलं?"

मी बरणी खाली ठेवली. तसा तो म्हणाला, "तुम्ही बाहेरून आल्या. गांडूळ लिहिलं असतं त तुम्हाले समजलं असतं की सरपाशी एस्कॅरिस नाही. मग सरवर आलं असतं. बायलॉजी बंद झालं असतं. म्हणून आमच्या तुकडीत सगळ्यायनं आपापल्या मनानंच थे लिहिलं, आन् दुसऱ्या तुकडीले मी सांगितलं, आतून बाहेर आल्यावर. जे बरनीच्या चिठ्ठीवर राहते ते लिहा." मग हळूच, "तुम्ही पाहसान असं नव्हतं वाटलं. कोणीच नाही पाहत."

म्हणजे माझा संशय खरा होता. व्हरांड्यातली कुजबुज खरी होती, संगनमत खरं होतं. फक्त आजवर मी पोरांनी गुण मिळवण्यासाठी केलेलं संगनमत पकडत आले होते. माहीत असलेलं उत्तर सगळ्यांनी मिळून चुकीचं लिहायचं, असलं संगनमत माझ्या पाहण्यात नव्हतं. आणि परीक्षक बरणीत पाहणार नाही, हा त्यांचा अंदाजही जवळपास बरोबरच निघाला होता.

समीक्षा शेवटी आली. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"तुला यशचा निरोप पोचला नव्हता?"

"पोचला होता."

"शाखा बंद होईल, सरांवर येईल, हे कळलं होतं?"

"हो."

"मग तू गांडूळ का लिहिलंस?"

तिने टेबलावरच्या प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवलं. "मॅडम, यावर 'ओळखा' लिहिलं हाय. सर वर्गात म्हणते तसं 'समजा' नाही लिहिलं."

मी बरणी बाजूला सरकवली आणि तिला जायला सांगितलं.

परतीची ऑटो

ऊन कलल्यावर शाळा सुटली. स्टँडवर मुलं घोळक्याने उभी होती आणि समीक्षा त्यांच्यापासून दहा पावलं लांब, एकटी. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. एक मुलगी जाता जाता तिला म्हणाली, "काहून वं? तुलेच लय अक्कल हाय का?" समीक्षा पुढच्या ऑटोकडे चालू लागली.

कामठीच्या ऑटोत ती माझ्या समोर बसली. पूल गेला, नदी गेली. मी बाहेर बघत होते, ती माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, आमचं बायलॉजी बंद होईन का?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, संस्था ठरवेल. तिला तसं सांगवेना. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी काय पाहिलं ते सगळं लिहिणार आहे. बरणीचंही. तुझ्या सरांनाही त्रास होईल त्यातून."

तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत.

"लिहा," ती म्हणाली. "मी बी लिहिलंच न."

कामठीला ती उतरली आणि यंत्रमागांच्या गल्लीत शिरली. पुढचा सगळा रस्ता मला माझाच राग येत होता, का ते नीट सांगता येणार नाही. लॉजवर जाण्याआधी गाडीवरून संत्री घेतली. विक्रेता म्हणाला गोड आहेत. पहिल्यांदाच न सोलता, न चाखता घेतली.

देवरुख

अहवालात मी सगळं लिहिलं. बरणीत गांडूळ होतं, ते शिक्षकांनी टाकलं होतं, मुलांनी ठरवून चुकीचं उत्तर लिहिलं, आणि परीक्षकाने म्हणजे मी तो नमुना न पाहता निवडला. त्या प्रश्नाचे गुण फक्त समीक्षाला दिले. शेवटी लिहिलं की या वर्गात जीवशास्त्र शिकवलं जातं आणि ते चालू राहायला हवं.

सचिवांचा फोन आला. "बाई, इतक्या वर्षांत तुम्ही कोणाची शिफारस केलेली नाही. आणि इथे तर लबाडी पकडून वर शिफारस?" त्यांनी आवाज खाली आणला. "तिकडे पाहुणचार फार चांगला झाला वाटतं."

त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

"जेवले एकदा," मी म्हणाले. "गोळाभात होता. पण तुम्ही त्या मुलीची उत्तरपत्रिका वाचा. माझं काही ऐकू नका."

त्यांनी वाचली असावी. संस्थेच्या मुख्य कार्यालयातल्या बैठकीला मला आणि लांजेवार सरांना दोघांनाही बोलावलं. सरांना लेखी समज मिळाली, ती त्यांनी खाली मान घालून घेतली. अकरावीच्या त्या वर्गाला बारावीचं जीवशास्त्र तिथेच करता येईल असं ठरलं. त्यानंतर नवीन प्रवेश द्यायचे की नाही ते पुढे बघू, असं सचिव म्हणाले. एवढंच मिळालं. समीक्षापुरतं एवढं पुरेसं होतं.

बैठकीनंतर मी पिशवीतून बरणी काढून सरांच्या हातात दिली. आमच्या प्रयोगशाळेत दोन एस्कॅरिस होते, त्यातला एक. निघण्यापूर्वी खिडकीत धरून नीट पाहून घेतला होता. सरांनी बरणी उलटसुलट फिरवून पाहिली.

"मॅडम, चिठ्ठी पडली वाटते."

"पडली नाही," मी म्हणाले. "मी लावलीच नाही. समीक्षाला द्या, ती काय म्हणते ते बघू."